शेपूट न पाहिलेली फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठा आणि लाल फीत आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी कागदाची नाही, संगणकातली आहे. माझा जीव एवढासा, एक हजार सहा बाइट. बाइट म्हणजे एक घर, आणि एका घरात एकच आकडा राहतो, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा. त्याहून मोठा पाहुणा त्या घरात मावत नाही, कितीही आग्रह करा. तुमच्या फोनवरच्या एका फोटोच्या जागेत माझ्यासारख्या दोन-तीन हजार जणी आरामात मावतील. पण म्हणून मला चिल्लर समजू नका. एका माणसाची आयुष्यभराची इज्जत आणि चौदा जणांचा जीव एका सकाळी माझ्यावर टांगलेला होता, आणि मला तोंड नव्हतं.

फायलीला कान-डोळे कुठून आले, असं विचारणारे काही शहाणे असतातच. त्यांनी पुढे वाचू नये, किंवा वाचावं आणि गप्प बसावं.

माझा जन्म नदीकाठच्या पूल-देखभाल कार्यालयात झाला. तिथे एक मोजणीवाले काका होते. सडसडीत, कमी बोलणारे, सायकलवर येणारे. पुलाच्या सहाव्या खांबाच्या डोक्याशी एक फट पडली होती. ती वाढते की नाही हे पाहायचं काम त्यांच्याकडे आलं. फटीच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या खुणा ठोकल्या होत्या. काका त्यांच्यामध्ये एक मोजयंत्र धरायचे. ते घड्याळासारखं दिसायचं, म्हणून काका त्याला घड्याळच म्हणायचे. मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा ते दाखवायचं. दर मंगळवारी, सकाळी सात वाजता, म्हणजे सातलाच. साडेसातला नाही. ऊन वर आलं की काँक्रीट फुगतं आणि फट खोटं बोलते, असं काका म्हणायचे.

ही वाचनं वहीत जायची आणि संगणकातही जायची. संगणकाचा कारभार काकांच्या मेहुण्याकडे होता. बायकोचा धाकटा भाऊ तो, त्याच कार्यालयात यंत्रं दुरुस्त करायचा. बडबड्या, पण डोक्याने तल्लख. त्या वेळी कार्यालयात एकच संगणक होता आणि फ्लॉपीवर जागा बेताची. मेहुण्याने स्वतः एक प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या पोटातून मी जन्मले. माझ्या सुरुवातीची चार अक्षरं मात्र त्याने दुसऱ्याची उचलली. त्या काळी तक्ते करायचा एक चलतीचा प्रोग्राम होता आणि कार्यालयातलं छपाईयंत्र फक्त त्याच्याच फायलींना दाद द्यायचं. मेहुण्याने माझ्या कपाळावर त्या प्रोग्रामची चार अक्षरं गोंदली आणि छपाईयंत्राला गंडवलं. दोघे मेहुणे त्यावर पोट धरून हसले होते. मीही हसले. पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

काका एकदा म्हणाले, "अरे, ही फाईल कशी वाचायची ते लिहून ठेव कुठेतरी. उद्या तू नसलास तर?"

"घरच्या घरात कागद कशाला?" मेहुणा म्हणाला. "तुम्ही आहात, मी आहे. आणि एवढंच असेल तर उद्या लिहून देतो."

तो उद्या काही आला नाही. आठ-नऊ वर्षांनी मेहुणाच गेला, दोन दिवसांच्या तापात. काका मात्र मंगळवार चुकले नाहीत. सकाळी घड्याळ लावायचे, कार्यालयात येऊन आकडा टाकायचे, आणि माझ्यात एका घराची भर पडायची. एकोणीस वर्षांत नऊशे अठ्ठ्याऐंशी घरं झाली. माझ्या इतकी नियमित वाढ एखाद्या झाडाचीसुद्धा होत नसेल. वरचे साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, संगणक तीनदा बदलला. वर्षाअखेरीच्या बैठकीत काकांचं कौतुक व्हायचं, टाळ्या वाजायच्या, तेव्हा त्या थोड्या मलाही आहेत असं मी धरून चालायचे.

मग काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यांच्या वह्या कार्यालय हलवताना रद्दीत गेल्या. पुलाची रंगरंगोटी निघाली तेव्हा गिलावा करणाऱ्यांनी सहाव्या खांबाची फट लिंपून वर राखाडी रंग मारला. खांब कसा गुळगुळीत, नवा कोरा. काकांनी दोन अर्ज दिले की फट वाढती आहे, लक्ष ठेवा. दोन्हींवर 'नोंद घेतली' असा शिक्का बसला आणि ते कुठेतरी जाऊन पडले. मी तर एका खोक्यात, दोनशे फ्लॉप्यांच्या गर्दीत, अंगावर धूळ घेऊन पाच वर्षं पडून होते. फ्लॉपीलाही वय होतं, मित्रांनो. तिच्यावरचा थर हळूहळू जातो आणि त्याबरोबर आमच्यासारख्यांची एकेक घरं पडतात. ती धास्ती काय असते हे मी सांगू शकत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते नोंदणीबाईंनी. जुन्या नोंदी जपून ठेवणाऱ्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, त्यांची खोली होती. दोन टेबलं, एक पंखा, चार प्रकारचे जुने ड्राइव्ह आणि एक जाडजूड वही. बाई पन्नाशीच्या आतबाहेर, चष्मा नेहमी डोक्यावर आणि शोधायच्या नेहमी टेबलावर. त्यांचं काम असं की प्रत्येक जुन्या फायलीची ओळख पटवायची. ही कोणत्या प्रकारची, कोणत्या प्रोग्रामने केली, आज ती कशात उघडते, उद्या तो प्रोग्राम नाहीसा झाला तर काय. फाईल जपणं म्हणजे नुसती तिची प्रत काढून ठेवणं नाही, ती वाचायची कशी हेही जपणं, असं त्या नवीन माणसांना सांगायच्या. मला ते फार पटायचं.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी फायलीचं डोकं पाहायचं, म्हणजे सुरुवातीची अक्षरं. मग शेपूट पाहायचं, म्हणजे शेवटची घरं. मग लांबी मोजून ती त्या प्रकाराला शोभते का ते बघायचं. तिन्ही जुळलं तरच वहीत 'ओळख पटली' असं लिहून सही. ही रीत बाईंनीच घालून दिली होती.

पण माझा नंबर आला त्या दिवशी तीन हजार फायली रांगेत होत्या आणि वरून तगादा होता. ओळखयंत्राने, म्हणजे फायलींचे प्रकार ओळखणाऱ्या प्रोग्रामने, माझ्या कपाळावरची चार उसनी अक्षरं वाचली आणि सांगून टाकलं, तक्त्याची फाईल. बाईंनी शेपूट पाहिलं नाही, लांबी मोजली नाही. 'ओळख पटली' लिहिलं, सही केली आणि पुढची फाईल घेतली. मी आतून ओरडत होते, अहो बाई, ही मी नव्हे. पण ऐकणार कोण? अनोळखी राहणं वाईट असतंच, पण चुकीची ओळख त्याहून वाईट. अनोळखी फायलीकडे लोक निदान संशयाने बघतात.

दोन वर्षं गेली. आणि मग तो दिवस आला.

नदीपलीकडच्या वीजकेंद्रासाठी एक अवजड यंत्र यायचं होतं. ट्रेलरसकट दोनशे टन. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते पुलावरून न्यायचं ठरलं होतं. बरोबर चौदा माणसं, काही वर, काही चाकांच्या बाजूने पायी चालणारी. परवानगीवर पुलाच्या मुख्य अभियंत्यांची सही लागत होती. साहेब तसे नीट माणूस. सही करण्याआधी त्यांनी सहाव्या खांबाचा जुना इतिहास मागवला, आणि नोंदणी कार्यालयातून मी त्यांच्या पडद्यावर जाऊन उघडले. तक्त्याच्या प्रोग्रामात उघडले, हे वेगळं सांगायला नको.

पडद्यावर आकडे आले. एक, दोन, शून्य, दोन, एक, तीन. मध्येच दोनशे पंचावन्न, दोनशे चोपन्न. साहेबांनी मोठे आकडे 'खराब झालेले' म्हणून वगळले. उरलेल्यांचा आलेख जमिनीला चिकटलेला, सरळसोट. मिलिमीटरचे एक-दोन शतांश, म्हणजे केसाहून बारीक फट. शिष्टाचार म्हणून त्यांनी काकांनाही बोलावलं होतं. काका सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, पण पाठ ताठ.

"बसा काका," साहेब म्हणाले. "तुमची फट काही वाढलेली नाही. बघा, केसाएवढीसुद्धा नाही."

"कोण म्हणतं?"

"तुमचीच फाईल म्हणते."

काकांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. "आकडे माझेच असतील साहेब. पण मी घेतलेली वाचनं ही नाहीत. शेवटच्या मंगळवारी मी चौदा पॉइंट चाळीस मिलिमीटर वाचलं होतं. अजून डोळ्यांसमोर आहे."

"काका, सात वर्षं झाली."

"म्हणून काय झालं?"

साहेबांनी परवान्याचा कागद जवळ ओढला. दारापाशी उभा असलेला एक कारकून मात्र दुसऱ्याच्या कानात म्हणाला, आणि काकांना ऐकू जाईल असंच म्हणाला, "सगळे एक-दोन, एक-दोन. घरी बसून भरलेले दिसतात."

काकांनी मान वळवली नाही. चष्म्याच्या काड्या मिटून तो खिशात ठेवला. मित्रांनो, ते नऊशे अठ्ठ्याऐंशी मंगळवार माझ्या पोटात होते. गारठ्यातले, तापाने फणफणलेले, मेहुण्याच्या अंत्यविधीनंतरचा एक. आणि मीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काका तडक नोंदणी कार्यालयात आले. दोन मजले चढून, धापा टाकत. तेव्हा चार वाजून गेले होते.

"मॅडम, त्या फायलीत काहीतरी घोटाळा आहे."

"काका, तिची ओळख पटलेली आहे," बाई म्हणाल्या आणि वही उघडून दाखवली. "ही नोंद, ही माझी सही."

"सही बरोबर असेल. पण मला एक सांगा. उन्हाळ्यात फट मिटते. पूर्ण नाही, पण थोडी मिटते. एकोणीस वर्षांत एकही उन्हाळा चुकला नाही. तुमच्या आलेखात ती कुठे मिटलेली दिसते?"

बाईंनी वही मिटली. त्या म्हणाल्या, उद्या बघते. काका म्हणाले, उद्या अकरा वाजता ट्रेलर आहे. मग आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ते हळूहळू जिना उतरून गेले. सहाला कार्यालय बंद झालं आणि मला अंधारात ठेवून सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी आठला दार उघडलं तेव्हा बाई पायरीवरच उभ्या होत्या. नंतर त्यांनी कोणाला तरी सांगितलं ते मी ऐकलं. रात्री पोळ्या लाटताना त्यांच्या डोक्यात तो उन्हाळाच घोळत होता, आणि एक पोळी जळली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी मला उघडलं. या वेळी तक्त्याच्या प्रोग्रामात नाही. नुसती उघडी, एकेक घर, जशी आहे तशी. किती वर्षांनी कोणीतरी माझ्या तोंडाकडे नीट पाहत होतं.

आधी त्यांनी लांबी पाहिली. एक हजार सहा. त्यांचा हात थांबला. त्या चलतीच्या तक्त्याची फाईल नेहमी एकशे अठ्ठावीसच्या पटीत असते, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. एक हजार सहा त्या पटीत बसत नाही. मग त्या शेपटाशी आल्या. तिथे तक्त्याच्या फायलीला शेवटची एक ठरलेली खूण असते, ती नव्हती. दोन भलतीच घरं होती, एकात एकशे साठ, दुसऱ्यात पाच.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. चष्मा डोक्यावरून काढून त्यांनी डोळे दाबले. "काय करून बसले मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग चिठ्ठीवरचा नंबर लावला.

काका पावणेनऊला आले. सायकल खाली, घड्याळाची पेटी काखेत. पेटी कशाला आणली असं बाईंनी विचारलं नाही. त्यांनी सरळ कबुली दिली. "काका, ही तक्त्याची फाईल नाही. ही कशाची आहे ते मला माहीत नाही. आज जगात फक्त तुम्हाला माहीत असेल."

"मला कसलं माहीत? मी वाचन टाकायचो, बाकी सगळं तो प्रोग्राम करायचा."

"आठवा. तुमचे मेहुणे काय म्हणायचे? काहीही. वेडगळ वाटलं तरी चालेल."

काका पंख्याकडे बघत बसले. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. आठव रे बाबा, आठव. तो बडबड्या तुझ्या कानाशी सतत तेच तर म्हणायचा.

"तो मला चिडवायचा," काका शेवटी म्हणाले. "म्हणायचा, भावोजी, मी तुमची फट साठवतच नाही. मी तिची चाल साठवतो."

"चाल?"

"हो. मागच्या मंगळवारपासून ती किती हलली तेवढंच. एवढ्याशा घरात सगळं मावायला नको का, म्हणायचा."

बाई ताडकन सरळ झाल्या. म्हणजे एक-दोन हे फटीचं माप नव्हतं. ती दर आठवड्याची वाढ होती. सगळी वाढ एकावर एक मिळवत जायला हवी होती. त्यांनी संगणकाला बेरीज करायला सांगितली. उत्तर आलं तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. फट साडेबासष्ट सेंटिमीटर.

बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली, तीच आली.

"एवढी फट असती," काका म्हणाले, "तर पूल कधीच नदीत गेला असता."

बाईंचा चेहरा उतरला. ही बेरीज साहेबांपुढे ठेवली असती तर त्यांनी हसून दोघांनाही घरी पाठवलं असतं. त्यांनी पुन्हा आकड्यांवरून बोट फिरवलं. घोळ करत होते ते मोठे आकडे, दोनशे पंचावन्न, दोनशे चोपन्न. साहेबांनी ज्यांना खराब म्हणून टाकलं होतं तेच. माझ्या डोक्यातल्या दहा घरांत पहिल्या मंगळवारची तारीख होती; तिथून आठवडे मोजत बाईंनी त्यांच्यापुढे तारखा लावल्या आणि एकदम थबकल्या. ते आकडे कुठेही, कसेही पडलेले नव्हते. दर वर्षी त्याच तीन महिन्यांत येत होते.

"काका, फट कधी मिटते म्हणालात?"

काकांनी तारखांवर नजर टाकली. "हेच ते महिने. हे सगळे उन्हाळे आहेत."

आता बाईंना कळलं. एवढ्याशा घरात वजाचं चिन्ह लिहायला जागा नव्हती. म्हणून मेहुण्याने उलट फिरवलं होतं. सायकलच्या मीटरचं चाक शून्याच्या मागे फिरवलं की नऊ-नऊ-नऊ दिसतात ना, तसं. वजा एक म्हणजे दोनशे पंचावन्न. वजा दोन म्हणजे दोनशे चोपन्न. खराब काहीच नव्हतं. फट उन्हाळ्यात मिटत होती आणि मी ते प्रामाणिकपणे सांगत होते.

पुन्हा बेरीज केली. अकराशे चाळीस शतांश.

"अकरा पॉइंट चाळीस," बाई म्हणाल्या. "तुम्ही चौदा म्हणाला होतात."

"सुरुवात तीनपासून होती. पहिल्या मंगळवारी पूर्ण तीन मिलिमीटर."

बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. चार उसन्या अक्षरांनंतर दोन घरं होती, चव्वेचाळीस आणि एक. मोठा आकडा दोन घरांत ठेवायचा तर दुसऱ्या घरातल्याला दोनशे छप्पनने गुणून पहिला मिळवायचा, हे त्यांच्या हाताखालचं काम. दोनशे छप्पन आणि चव्वेचाळीस, तीनशे. पूर्ण तीन मिलिमीटर. मग त्या शेवटच्या दोन घरांवर आल्या. हा हिशोब त्यांनी पेन्सिलीने कागदावर मांडला, बहुधा मशीनवर विश्वास राहिला नव्हता म्हणून. पाच गुणिले दोनशे छप्पन, बाराशे ऐंशी. त्यात एकशे साठ.

चौदाशे चाळीस.

कारकुनाच्या तोंडावर मारता येईल असा आकडा. मेहुण्याने दर मंगळवारी शेवटचं पूर्ण वाचन माझ्या शेपटात ताळा म्हणून लिहायची सोय केली होती. काकांनी कागद हातात घेतला. बाईंनी उठून त्यांच्यासाठी पाणी ओतलं, तर ते त्यांनी न पिता तसंच धरून ठेवलं.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेबांचा फोन लागेना. कार्यालयात विचारलं तर साहेब सही करून केव्हाच पुलावर गेले होते. बाईंनी माझी प्रत लॅपटॉपमध्ये घेतली, काकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाल्या. मी पिशवीत गचके खात होते. वाटेत दोन सिग्नल लागले, एका ठिकाणी रस्ता खोदलेला. काका मागून एकदाच म्हणाले, "सावकाश चालवा." बाईंनी ते ऐकलं नाही.

पुलाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ट्रेलर धूर सोडत उभा होता. चौदा माणसांनी पिवळ्या टोप्या चढवल्या होत्या. पुढची चाकं पुलापासून वीस पावलांवर. झेंडेवाला हात वर करायच्या बेतात होता.

"साहेब, थांबवा," बाई म्हणाल्या. "ती फाईल चुकीची वाचली गेली आहे."

साहेबांनी आधी बाईंकडे, मग काकांकडे पाहिलं. "बाई, वीजकेंद्र ताटकळलंय. आणि तुमच्याच वहीत लिहिलंय, ओळख पटली. सही तुमची आहे."

इथे बाईंना म्हणता आलं असतं की मशीन चुकलं. कोणी शहानिशा केली नसती. पण चौदा माणसं ऐकत असताना त्या म्हणाल्या, "सही माझी आहे. चूकही माझीच आहे. मी डोकं पाहिलं, शेपूट पाहिलं नाही. काकांनी सांगितलेलं वाचन बरोबर आहे. चौदा पॉइंट चाळीस. सात वर्षांपूर्वीचं."

त्यांनी पेन्सिलीचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मग झेंडेवाल्याला हात खाली करायला सांगितला आणि एका गवंड्याला छिन्नी-हातोडा घेऊन बोलावलं.

सगळे तपासणीच्या शिडीने खाली उतरले. खांब गुळगुळीत राखाडी. काकांनी तळहात टेकवून एक जागा दाखवली. "इथे." पहिल्या घावाला गिलावा सुटला. दुसऱ्या घावाला पितळेची एक खूण चमकली. तिसऱ्या घावाला गवंडी मागे सरकला, कारण छिन्नीचं टोक आत गेलं आणि आत काहीच नव्हतं.

काकांनी करंगळी फटीत घातली. ती मुळापर्यंत आत गेली.

मग त्यांनी पेटीतून घड्याळ काढलं, दोन खुणांमध्ये धरलं आणि श्वास रोखून वाचलं. "अठरा पॉइंट पासष्ट," ते म्हणाले. साहेबांनी स्वतः वाकून घड्याळावर नजर टाकली आणि खिशातला परवाना काढून चार तुकडे केले. ट्रेलर उलटा वळवायला पुढे दीड तास लागला. त्या चौदांपैकी एक टोपीवाला काकांजवळ आला, त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि निघून गेला. कारकून त्या दिवशी काकांच्या समोर आलाच नाही.

पूल आता बंद आहे. सहाव्या खांबाला लोखंडी पट्टे घालायचं काम चाललंय.

आणि माझं म्हणाल, तर नोंदणीबाईंनी माझी चुकीची नोंद खोडली नाही. तिच्या शेजारी लाल शाईने लिहिलं, 'ही ओळख चुकीची होती. शेपूट व लांबी पाहिली नव्हती,' आणि पुन्हा सही केली. मग त्यांनी काकांना तीन दुपारी समोर बसवून माझी पूर्ण माहिती लिहून घेतली. डोक्यावरची चार अक्षरं कोणाची आणि का उसनी घेतली. फट नव्हे, चाल. वजा कसं वाचायचं. शेपटातला ताळा. ती माहिती आता ओळखयंत्रालाही शिकवली आहे. जगात कुठेही माझी एखादी बहीण सापडली तर तिला कोणी तक्ता म्हणणार नाही. आमच्या प्रकाराला नाव हवं होतं. काकांनी सुचवलं आणि बाईंनी तेच लिहिलं, 'मेहुणा'.

काकांना नवं वाचन माझ्यातच टाकायचं होतं. बाईंनी हात आडवा धरला. "हिला आता कोणी हात लावायचा नाही, काका. नव्यासाठी दुसरी फाईल करू."

"बरं पोरी," काका म्हणाले. कालपरवापर्यंत त्या मॅडम होत्या.

मित्रांनो, तुम्हीही रोज काहीतरी साठवता. चित्रं, आवाज, हिशोब, कोणाकोणाची आठवण. ते जपायचं असेल तर नुसतं साठवू नका. ते कसं वाचायचं तेही चार ओळींत लिहा, घरच्या घरात असलं तरी लिहा. आणि कोणाची ओळख पटवायला बसलात, तर तिचं शेपूट पाहिल्याशिवाय उठू नका.

माझ्या माहितीच्या कागदावर शेवटचा रकाना होता, 'ही माहिती आधी का लिहिली गेली नाही?' बाईंनी पेन काकांच्या हातात दिलं. काकांनी थोडा विचार केला आणि आपल्या सावकाश अक्षरात लिहिलं, 'उद्या लिहून देतो म्हणाला होता.' मेहुण्याचा तो उद्या सव्वीस वर्षांनी उजाडला. तुमचा एवढा लांबवू नका.